सतरा नंबरची ताई

ज्या वाक्यामुळे माझी बहीण माझ्याशी बोलायची बंद झाली, त्याच वाक्यामुळे मला नोकरी लागली. ते वाक्य असं होतं: ‘एक वर्षाखालील बाळास मध देणे धोकादायक असून सदर व्हिडिओतील माहिती चुकीची व दिशाभूल करणारी आहे.’ खाली तीन संदर्भ, तारखांसकट. हे मी ताईच्या व्हिडिओखाली टाकलं, सगळ्यांना दिसेल असं. तिला फोन करायचा सोडून. फोन काही लांब नव्हता, त्याच फोनवरून टाकलं.

ताई माझ्याहून सात वर्षांनी मोठी. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून, फोन बरणीला टेकवून, ती घरगुती तब्येतीच्या गोष्टी सांगते आणि सव्वा लाख लोक त्या ऐकतात. त्या दिवशी ती सांगत होती की आम्ही दोघी तान्ह्या असताना खोकला झाला की आमची आई बोटाच्या टोकावर मध घेऊन चाटवायची, आणि बघा, दोघी अजून धडधाकट आहोत. आई जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. मी मधाबद्दल लिहिलं, ताईने ते आईबद्दल वाचलं. चार हजार लोकांनी माझ्या वाक्याला अंगठे दिले. एकाने खाली विचारलं, तुमच्या मातोश्री कुठल्या कॉलेजच्या डॉक्टर? ताईने व्हिडिओ काढून टाकला आणि त्यानंतर माझा फोन उचलला नाही. मी दारात जाऊन आले, तर तिच्या लेकीने दार उघडून सांगितलं की आई झोपली आहे. सकाळचे अकरा वाजले होते.

ते चार हजार अंगठे बघूनच डॉक्टरांनी मला शोधून काढलं. डॉक्टर म्हणजे लहान मुलांच्या निवृत्त डॉक्टर, सत्तरीच्या, बोलायला कडू आणि मनाने त्याहून थोड्या कमी कडू. त्यांना एक टूल बनवायचं होतं. आरोग्यावर व्हिडिओ करणाऱ्या माणसाने आपला मजकूर त्यात टाकायचा, टूलने वाक्यावाक्याला तपासायचं, हिरवं, पिवळं किंवा लाल करायचं आणि शेजारी शेरा लिहायचा. तपासायचं काम एआय करणार होतं, पण शेरा कसा बोलेल हे कुणीतरी माणसाने ठरवायला हवं होतं. माझं शिक्षण विचारलं तर मी टायपिंग सांगते. वीस वर्षं एका रुग्णालयाचे रिपोर्ट टाइप केले. जो शब्द कळला नाही तो वाचनालयात जाऊन शोधला, आणि न कळणारे शब्द रोज निघत, त्यामुळे वाचनालयाच्या बाईंना मी आजारी वाटायचे. डॉक्टरांनी माझं ते वाक्य कागदावर छापून घेतलं होतं. म्हणाल्या, आपलं टूल असं बोललं पाहिजे. नेमकं, पुराव्यासकट, पाल्हाळ नाही.

म्हणून टूल तसं बोलायला लागलं.

ऑफिस म्हणजे एका रक्त तपासणीच्या लॅबच्या डोक्यावरच्या दोन खोल्या. जिन्यात स्पिरिटचा वास, आणि खालून अधूनमधून सुईला घाबरलेल्या मुलांचं रडणं. वर आम्ही तिघं. डॉक्टर, मी आणि प्रोग्रामर. प्रोग्रामर हा तीन मुलांचा बाप होता आणि ऑफिसात आराम करायला येतो असं स्वतःच सांगायचा.

पहिल्या चाचणीला तीस जण घेतले. टूल चुकलं नाही. त्याने लाल केलेली वाक्यं खरोखर लाल करण्यासारखीच होती, डॉक्टरांनी एकेक तपासली. पण पहिला लाल शेरा आल्यावर तिसांतले एकोणीस जण उठून गेले ते परत आले नाहीत, आणि त्यातल्या बऱ्याच जणांनी तीच वाक्यं जशीच्या तशी व्हिडिओत म्हटली. थोडी जास्त ठासूनच. प्रोग्रामरने पडद्यावर आलेख दाखवला. रेषा कड्यावरून उडी मारल्यासारखी खाली गेली होती. डॉक्टर म्हणाल्या, लोकांना खरं नको असतं. मला ती रेषा ओळखीची वाटत होती. ती माझ्या ताईच्या दारापर्यंत जात होती.

त्यानंतरचे दोन महिने मी एकच काम केलं. रोज टेबलाशी बसायचं आणि त्या दिवशी ताईला काय म्हणायला हवं होतं ते लिहायचं. ऑफिसात त्याला शेऱ्यांची पुनर्रचना म्हणत. भिंतीवर मी एक कागद चिकटवला, त्यावर आमचे नियम वाढत गेले. वाक्याला हात लावायचा, माणसाला नाही. आई, आजी, शेजारीण चुकली असं कधी म्हणायचं नाही. तेव्हा हे माहीत नव्हतं, आता कळलंय, असं म्हणायचं. जे बरोबर आहे ते आधी सांगायचं. आणि नुसतं खोडायचं नाही, त्या जागी काय म्हणता येईल ते त्या माणसाच्याच भाषेत लिहून द्यायचं.

‘बरोबर ते आधी’ यावर डॉक्टरांशी चांगलीच जुंपली. त्यांनी मधाचंच उदाहरण काढलं. तान्ह्या बाळाला मधातून जो आजार होतो तो क्वचितच होतो, पण झाला तर बाळाचं अंग लुळं पडतं, श्वास अडकतो. तिथे आधी कौतुक करत बसायचं? मी म्हटलं, नाही, तिथे धोका पहिल्या ओळीत. पण धोका सांगायला कुणाला मूर्ख ठरवावं लागत नाही. शेवटी शेरा असा ठरला: ‘एक वर्ष पूर्ण होईपर्यंत बाळाला मध अजिबात नको, क्वचित, पण जिवावर बेतणारा आजार होऊ शकतो. पूर्वी हे घरोघरी माहीत नव्हतं. एक वर्षानंतर मात्र झोपताना चमचाभर मधाने खोकल्याला खरंच आराम पडतो, ते तुमच्या घरी बरोबर ओळखलं होतं.’ डॉक्टरांनी तो दोनदा वाचला आणि म्हणाल्या, लांबला आहे. मग म्हणाल्या, राहू दे.

दुसऱ्या चाचणीला नवे तीस जण आले. नावं आम्हाला दिसत नसत, फक्त नंबर. त्यांचा मजकूर ऑफिसातली माणसं वाचतील हे अर्जात लिहिलेलं होतं. आमच्यासाठीही नियम होते. चाचणीतल्या माणसाशी बाहेर बोलायचं नाही, आणि कुणी ओळखीचं निघालं तर त्याच दिवशी सांगायचं. पहिले काही आठवडे टूलचा प्रत्येक शेरा आधी माझ्याकडे येई. बोलणं बिघडलेलं असेल तर मी दुरुस्त करायचे आणि मग पुढे सोडायचे.

सतरा नंबरचा पहिला मजकूर तापावर होता. ‘तर मंडळी, ताप म्हणजे काही शत्रू नाही बरं का...’ पूर्णविराम कुठेच नाही, सगळीकडे तीन-तीन टिंबं. शाळेत ताईच्या निबंधावर मास्तर लाल शाईने लिहायचे की पूर्णविरामाला पैसे पडत नाहीत.

मी त्या दिवशी काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. स्वतःला म्हटलं, अजून खात्री कुठे आहे? खात्री मला पहिल्या टिंबालाच झाली होती.

मग मी ऑफिसात सगळ्यांच्या आधी जायला लागले. लॅब उघडलेली नसायची, जिना थंड असायचा. वर जाऊन, खिडकी उघडून, पर्स खांद्यावरून न काढताच मी सतरा नंबर उघडायचे. व्हिडिओतली ताई मी दीड वर्ष चोरून बघत होते. ती सव्वा लाखांची होती, केस विंचरलेली. इथे ती कच्ची सापडायची. ती काहीतरी लिहायची आणि मग खोडायची, आणि खोडलेलंही आमच्याकडे साठायचं. गुडघेदुखीच्या मजकुरात तिने लिहिलं होतं, ‘माझा डावा गुडघा गेल्या वर्षापासून जिना चढू देत नाही...’ आणि ते खोडून ‘अनेकांचा गुडघा’ केलं होतं. पचनाच्या मजकुरात लिहिलं होतं, ‘लेक शिकायला गेल्यापासून एकटीसाठी काय शिजवायचं, उभ्यानेच खाते...’ तेही खोडलेलं. म्हणजे आता ती घरात एकटी होती. म्हणजे आता दार उघडायला, आई झोपली आहे म्हणायला कुणी नव्हतं. सव्वा लाख लोक माझ्या बहिणीला ताई म्हणत होते. मला एकटीलाच म्हणता येत नव्हतं.

सहाव्या दिवशी तिने मधाचा मजकूर टाकला. तोच, काढून टाकलेला. आई, बोटाचं टोक, दोघी धडधाकट, सगळं तसंच. टूलने आमचा ठरलेला शेरा तयार करून माझ्याकडे पाठवला. त्यात मला काही दुरुस्त करण्यासारखं नव्हतं. मी तो पुढे सोडला आणि दाताने पेनाचं टोपण चावत बसले.

प्रत्येक शेऱ्याखाली दोन बटणं असत, ‘पटलं’ आणि ‘नाही पटलं’, आणि त्याखाली लिहायला रिकामी चौकट. बरेच जण ती रिकामीच ठेवत. अर्ध्या तासाने सतरा नंबरचं ‘पटलं’ आलं. चौकटीत लिहिलं होतं, ‘पटलं... पण माझ्या धाकट्या बहिणीला सांगू नका, डोक्यावर बसेल...’

मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि हसले की रडले ते मला सांगता येणार नाही. बाहेर आले तर प्रोग्रामर म्हणाला, डोळे लाल झालेत, पडदा जरा लांब ठेवत जा.

त्या आनंदातच मी घोडचूक केली. नवव्या दिवशी ताईने उवांवर मजकूर टाकला. मजकूर चांगला होता, टूलने सगळा हिरवा केला होता. शेऱ्यात नुसतं ‘सर्व माहिती योग्य आहे’ एवढंच होतं. मला ते फार कोरडं वाटलं. दुरुस्तीची चौकट उघडीच होती. मी शेवटी एक ओळ घातली: ‘आणि गुडघा कसा आहे?’

तिचं उत्तर लगेच आलं. ‘आहे तसाच आहे... विचारलंत, बरं वाटलं... कुणी विचारत नाही...’

ते मी किती वेळा वाचलं ते मोजलं नाही. दुसऱ्या दिवशी टूलचं रोजचं बोलणं चाळताना प्रोग्रामरला ती ओळ सापडली आणि तो खुर्चीत ताठ बसला. डोक्यातल्या उवा आणि त्यावर गुडघ्याची चौकशी. शेऱ्यात टूलचे शब्द कुठले आणि माझे कुठले हे वेगळं दिसत नसे, म्हणून त्याने ठरवलं की टूलला भ्रम व्हायला लागले. दोन दिवस तो जेवायलाही उठला नाही. एका माणसाचा मजकूर दुसऱ्यात मिसळतोय का, खोडलेलं वाचून टूल स्वतःच काही रचतंय का, सगळं उसवून बघत होता. घरून त्याच्या बायकोचा फोन आला, धाकट्याला ताप आहे, लवकर या. तो म्हणाला, इथेही एकाला ताप आहे.

तेव्हा मी उठले. त्याला म्हटलं, घरी जा, टूल ठणठणीत आहे, भ्रम मला झालाय. आणि डॉक्टरांच्या खोलीत जाऊन सगळं सांगितलं. कोणाच्या व्हिडिओखालचं ते वाक्य होतं, सतरा नंबर कोण, अकरा दिवस मी काय करत होते.

डॉक्टर बराच वेळ चष्मा पुसत बसल्या. त्यांना ठाऊक नव्हतं की ते वाक्य मी सख्ख्या बहिणीला लिहिलं होतं. रागावतील असं वाटलं, पण त्यांनी फक्त विचारलं की बहिणीला फोन का केला नव्हता. मी म्हटलं, लिहिताना मला वाटत होतं मी बाळांना वाचवतेय. त्यावर त्या म्हणाल्या की तेही खरंच होतं, आणि तेच तर वाईट आहे. मग हुकूम सोडला. सतरा नंबर आजपासून त्यांच्याकडे, माझ्यासाठी बंद. आणि बहिणीला मी स्वतः सांगायचं, आज, ऑफिसच्या फोनवरून नाही.

मी जिन्याच्या पायरीवर बसून फोन लावला. चौथ्या घंटेला तिने उचलला. मला वाटतं नंबर न बघताच उचलला.

“ताई, मी.”

पलीकडे पाण्याचा नळ चालू होता, तो बंद झाला. मी एका दमात सांगून टाकलं. अर्ज, नंबर, शेरे, खोडलेलं वाचलं तेही, गुडघा तर विशेष करून. खाली लॅबमध्ये एक मूल रडायला लागलं.

“म्हणजे ते यंत्र तू होतीस.”

मी म्हटलं, यंत्र यंत्रच होतं, शब्द बसवले होते मी. गुडघ्याचं तेवढं माझं एकटीचं.

“मला वाटलं,” ताई सावकाश म्हणाली, “कुणीतरी परकं माझ्याशी नीट बोलतंय. दीड वर्षात पहिल्यांदा. आणि तेही तूच निघालीस, शहाणे. चोरून.”

मी क्षमा मागितली. दोन्हीची. व्हिडिओखालच्या वाक्याची आणि या अकरा दिवसांची. ती म्हणाली, ऐकलं. मग फोन ठेवला. आपटला नाही, ठेवला. तेच मला जास्त लागलं.

पुढचे दिवस मी कामाच्या वेळेवर ऑफिसला गेले. आधी जाण्यासारखं काही उरलं नव्हतं. माझ्या यादीत सोळानंतर अठरा येत होता. डॉक्टरांना विचारायचं नाही असं मी ठरवलं आणि रोज त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. त्यांनी चाळीस वर्षं रुग्णांच्या आयांसमोर चेहरा कोरा ठेवला होता, मला काय दिसणार. चाचणी मात्र छान चालली. तिसांतले सव्वीस जण टिकून होते. प्रोग्रामरचा आलेख आता पठारासारखा सरळ गेला होता, आणि त्याने सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. मी ‘हो ना’ म्हणाले. मला त्या सव्विसांत एकच मोजायचा होता.

आठव्या दिवशी डॉक्टर जाताजाता माझ्या टेबलाशी थांबल्या. म्हणाल्या, एक जण चाचणीतून बाहेर पडलाय, आता पंचवीस. नंबर सांगितला नाही आणि मी विचारला नाही. कागदपत्रं उगीच सरळ करत बसले. झालं, म्हटलं. माझ्यामुळे ती बोलायची बंद झाली होती, आता माझ्यामुळे तिचं ते परकं, नीट बोलणारं माणूसही गेलं. तिला पुन्हा उभ्याने जेवायचं होतं, आणि ते मला माहीत असूनही मी काही करू शकत नव्हते.

दुसऱ्या दिवशी दुपारी, डबा उघडून बसले होते तेव्हा फोन वाजला. ताईचा नंबर होता. माझ्या हाताला खरकटं होतं, तसाच उचलला.

तिने नमनाला घडाभर तेल घातलं नाही. कशी आहेस नाही, जेवलीस का नाही.

“तुझं यंत्र मी सोडलं,” म्हणाली. “उद्या व्हिडिओ करायचाय. नवीन लिहिलंय. वाचते, तू ऐक. मध्ये बोलायचं नाही.”

मी डब्याचं झाकण लावलं. प्रोग्रामर काहीतरी विचारायला आला, त्याला हाताने गप्प केलं.

ताई वाचायला लागली. नाकातून रक्त येतं तेव्हा काय करावं, असा विषय होता. तिचा वाचतानाचा आवाज व्हिडिओतल्यापेक्षा खाली होता, घरातला.

“तर मंडळी, माझ्या धाकट्या बहिणीचं नाक लहानपणी सारखं फुटायचं. उन्हात गेली की फुटायचं, धावली की फुटायचं, रडली की फुटायचं, आणि ती रडायची फार. आई कामावर असायची. मग मी पायरीवर बसायचे, तिला मांडीवर घ्यायचे आणि तिचं डोकं मागे धरायचे, वर बघ म्हणायचे. सगळे तेच करत. तर ते चूक होतं. मागे नाही, डोकं पुढे झुकवायचं. मागे केलं की रक्त घशात उतरतं. माझी बहीण नंतर ओकायची, ती रक्त गिळून ओकत होती हे मला आता कळलं. नाकाचा मऊ भाग चिमटीत धरायचा, तोंडाने श्वास घ्यायला सांगायचं, दहा मिनिटं. नाही थांबलं तर परत दहा मिनिटं. तरी थांबलं नाही, किंवा डोक्याला मार लागून आलं असेल, तर दवाखाना.”

ती थांबली. मला पायरी आठवत होती. मागे वाकलेल्या मानेला तिच्या गुडघ्याचं हाड टोचायचं, आणि वर बघ म्हटल्यावर आभाळ नाही दिसायचं, तिची हनुवटीच दिसायची, घामेजलेली. मी रक्त गिळत होते ते मला तेव्हाही कळत होतं. तिने धरून ठेवावं म्हणून मी बोलायचे नाही.

“आता बोल,” ताई म्हणाली. “बरोबर आहे?”

मी म्हटलं, बरोबर आहे. फक्त एक घाल. दहा मिनिटं सलग धरायचं, मध्येच सोडून बघायचं नाही.

पलीकडे कागदावर पेन्सिल घासल्याचा आवाज आला. मग तो थांबला.

“मी सोडायचे का गं?”

“दर मिनिटाला.”

फोन चालू होता, तिचा श्वास ऐकू येत होता.

“थांबलं का ते बघायचे,” ती म्हणाली. “भीती वाटायची मला.”